मेल जाईना : लातूरच्या एका डाळ मिलमधल्या नोंदी

काम : ऑफिसातल्या १२ संगणकांवरचे मेलचे त्रास शोधणं. जागा : लातूर एमआयडीसी, डाळ मिल आणि तिथलंच सोयाबीन खरेदीचं ऑफिस. माणसांची आणि मिलची नावं गाळली आहेत, बाकी वहीत होतं तसंच.

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सकाळी पावणेनऊला आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे हिशेबाचे. मिलमध्ये मालकसुद्धा त्यांना आप्पाच म्हणतात. "मेल जाईनात बगा. गाड्या काट्यावर उभ्या हायेत."

साडेदहाला पोचलो. दिवाळीनंतरची आवक, त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेलं सोयाबीन. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, आणि कपात म्हटली की एकेका गाडीमागे चार-पाच मेल : लॅबचा रिपोर्ट, काटा पट्टी, ब्रोकरची कुरकुर, आपलं उत्तर. वर्षात मेलची सगळ्यात जास्त गरज याच महिन्यात, आणि बिघाडही याच महिन्यात.

तक्रारी सांगितल्या तशाच लिहून घेतल्या.

खरेदीचं टेबल (थंडरबर्ड, म्हणजे आउटलुकसारखाच मेलचा प्रोग्राम) : सेंड दाबलं की खिडकी करडी पडते आणि तशीच बसते. टास्क मॅनेजरमधून बंद करायची, परत उघडायची. "कवा जातो, कवा जात न्हाई." खोदून विचारलं तर ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेला जातो, बाहेरच्या पत्त्यावरचा अडतो.

पत्रव्यवहाराच्या ताई (थंडरबर्ड) : पत्रांचे तयार नमुने घालायचं बटण गायब. "अपडेट झालं तवापासून."

मालक (आउटलुक) : उघडायला वेळ लागतो. किती? "चहा सांगायचा, चहा येतो, मग आउटलुक येतं."

बाकीच्यांचंही थोडंथोडं आहे. प्रत्येकाचं निदान तयार होतं. कोणी म्हणालं नेट, कोणी व्हायरस, एक जण ठामपणे सर्व्हर. म्हणून आधी सर्व्हरच बघितला : माझ्या मोबाइलवरून वेबमेल उघडून खरेदीच्याच खात्यातून बाहेर मेल पाठवला. दोन सेकंदांत गेला. म्हणजे सर्व्हर नाही, नेटही नाही. जे काय आहे ते संगणकावरच्या प्रोग्रामात आहे.

निघताना तीन मशिनींच्या प्रोफाइलची (मेल, सेटिंग असं सगळं ज्यात असतं त्या फोल्डरची) प्रत हार्ड डिस्कवर घेतली. वेळ कमी होता, म्हणून पूर्ण फोल्डर न घेता मेलचे फोल्डर आणि सेटिंगची फाइल एवढंच. (ही ओळ नंतर महागात पडली. खाली ६ तारीख बघा.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोजदाद. १२ पैकी ९ मशिनींवर थंडरबर्ड, ३ वर आउटलुक. थंडरबर्डमध्ये हेल्पच्या यादीतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचं पान उघडलं की सगळे ॲड-ऑन (प्रोग्रामला वरून जोडलेल्या छोट्या सोयी) आवृत्तीसकट एका जागी दिसतात. प्रत्येक मशिनीचं ते पान पेनड्राइव्हवर घेतलं. नऊ मशिनींवर मिळून २३ वेगवेगळे ॲड-ऑन निघाले! एकट्या खरेदीच्या मशिनीवर ९ चालू. कोणी टाकले? आधी इथले संगणक बघणारा पोरगा आता पुण्याला असतो. त्याला फोन लावला, तो हसला : "ज्यानं जे मागितलं ते टाकलं, सर."

सगळ्या मशिनी दिवाळीच्या आसपास १२८ वरून १४० वर गेल्यात, आपोआप. थंडरबर्डची मोठी आवृत्ती साधारण वर्षाला बदलते : २०२३ च्या जुलैत ११५, २०२४ च्या जुलैत १२८, २०२५ च्या जुलैत १४०. प्रत्येक उडीला काही ॲड-ऑन मागे राहतात. सगळ्यात मोठी पडझड २०२० ला ७८ आली तेव्हा झाली होती. जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन त्या आवृत्तीत सरसकट बंद पडले. कॅलेंडर आणि मेल कुलूपबंद करायची (एन्क्रिप्शनची) सोय मात्र तेव्हापासून आतच आली, वेगळं काही जोडावं लागत नाही. तेव्हा मी नवीन होतो, औसा रोडवरच्या एका गिऱ्हाइकाकडे आठवडाभर शिव्या खाल्ल्या होत्या.

ताईंच्या मशिनीवरचा नमुन्यांचा ॲड-ऑन १४० शी जुळत नाही म्हणून बंद पडलाय, हे स्पष्टच होतं. ॲड-ऑनची फाइल म्हणजे झिपच असते. नाव बदलून उघडली, आतली मॅनिफेस्टची फाइल नोटपॅडमध्ये बघितली : जास्तीत जास्त आवृत्ती १२८. हा आकडा हातानं वाढवून परत टाकता येतो, थंडरबर्ड सही-शिक्का मागत नाही. एका ठिकाणी केलंही होतं मी तसं. पुढच्या अपडेटला डावीकडची फोल्डरची यादीच उमटेना. तो आकडा लिहिणाऱ्यानं उगाच लिहिलेला नसतो. परत करणार नाही.

ताईंना सांगितलं, बघतो, येतील परत. (असं बोलायला नको होतं.)

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुनानक जयंतीची सुट्टी, ऑफिस बंद. मुद्दाम आजच गेलो. माणसं नसली की हात मोकळे राहतात. वॉचमनकाकांनी उघडून दिलं. सहा घंटे काम केलं.

बंद पडलेले, कुणी वापरत नसलेले, दोनदा टाकलेले असे ॲड-ऑन काढून टाकले. २३ वरून ११ वर आलो. थंडरबर्ड सुटसुटीत दिसायला लागलं. खूश होऊन घरी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सव्वादहाला ताईंचा फोन. आवाज शांत होता, तेच वाईट.

"सर, ते बटण आलंच न्हाई. अन् ॲड-ऑनच्या यादीत पण न्हाई आता ते. माझे नमुने कुटं हायेत?"

मी कालच काढलेला ॲड-ऑन. 'जुळत नाही' म्हणून राखाडी झालेला दिसला, मी समजलो मेलेला आहे. बंद पडलेला ॲड-ऑन आपला माल धरून बसलेला असतो हे मला माहीत होतं, पण काल हातांना आठवलं नाही. फरक असा : ॲड-ऑन नुसता बंद केला, तर त्यानं साठवलेलं प्रोफाइलमध्ये तसंच राहतं. काढून टाकला, तर थंडरबर्ड त्याचा साठाही पुसून टाकतं. काढल्यावर 'परत घ्या' असं बटण थोडा वेळ दिसतं, ते पान बंद केलं की तेही गेलं.

आणि सोमवारची प्रत? मेलचे फोल्डर, सेटिंगची फाइल. ॲड-ऑनचा साठा असतो प्रोफाइलमधल्या 'स्टोरेज' नावाच्या फोल्डरात. तो मी घेतलाच नव्हता. वेळ कमी होता म्हणून.

४३ नमुने. सहा वर्षांत जमवलेले. भाव कळवायचं पत्र, सौदा पक्का झाल्याचं पत्र, ओलावा जास्त निघाल्याचं पत्र, बारदान परत मागायचं पत्र, पैसे थकल्याचं पत्र (याचे तीन प्रकार : गोड, मध्यम, कडक).

मिलमध्ये जाऊन ताईंना तोंडावर सांगितलं की चूक माझी. त्या म्हणाल्या, "चहा घ्या आधी." आप्पा मात्र चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डोकं जाग्यावर आलं. नमुना पुसला गेला, पण त्या नमुन्यावरून पाठवलेली पत्रं कुठे गेली? सेंट फोल्डरमध्ये सगळी आहेत. ताई विषयाच्या ओळी पाठ सांगत गेल्या, मी शोधत गेलो. पत्र सापडलं की गाडीचा नंबर, वजन, भाव, तारीख पुसून जागा मोकळी करायची आणि 'सेव्ह ॲज' मधून टेम्प्लेट म्हणून ठेवायचं.

हे टेम्प्लेटचं फोल्डर थंडरबर्डमध्ये पहिल्यापासून आहे, कुठलाही ॲड-ऑन लागत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये ते आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या, फोल्डरात ठेवायचं केलं, म्हणजे नमुने सर्व्हरवर राहतील. उद्या मशीन जळली तरी राहतील, आणि माझ्यासारखा कुणी आला तरी राहतील. नमुन्यावर डबल क्लिक केलं की नवीन पत्र उघडतं. एक कमी आहे : जुना ॲड-ऑन समोरच्याचं नाव आपोआप भरायचा, हे भरत नाही. ताई म्हणाल्या, "नाव मी टाकते की. तसंबी त्यो कवा कवा चुकीचंच टाकायचा."

संध्याकाळी सात वाजेपर्यंत ३१. बाकीच्या १२ पैकी बहुतेक जुने, न लागणारे. पण एक चेन्नईच्या खरेदीदाराला जायचं, ओलाव्याच्या कपातीचं, फार विचार करून लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. ते सापडलं नाही. सेंटमधली त्या साल-दोन सालांतली पत्रं जागा करायला म्हणून उडवली गेलेली.

आजपासून नियम : मेलला हात लावण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद, आणि प्रोफाइलचं अख्खं फोल्डर उचलायचं. किती का जीबी असेना.

सोमवार, १० नोव्हेंबर

खरेदीचं टेबल. इथं बसणारे काका मिलचे सगळ्यात जुने. सकाळी सौद्याची वेळ झाली की त्यांना हलवता येत नाही. दुपारी तीननंतर मशीन हातात मिळाली.

आधी ट्रबलशूट मोड. हेल्पमधून, नाहीतर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड उघडायचं. सगळे ॲड-ऑन तेवढ्यापुरते बंद होतात. बाहेरच्या पत्त्यावर मेल : गेला. परत साध्या मोडमध्ये : अडकला. इथं लगेच 'ॲड-ऑनच' असं म्हणू नये, कारण त्या मोडमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशनसारख्या आणखी एक-दोन गोष्टीही बंद होतात. म्हणून साध्याच मोडमध्ये नऊच्या नऊ ॲड-ऑन हातानं बंद केले, काढले नाहीत. गेला. आता म्हणायला हरकत नाही.

मग निम्मे-निम्मे. काकांच्या टेबलावरच्या रद्द काटा पट्टीच्या मागे लिहीत गेलो :

पहिले पाच चालू, चार बंद : अडकला.
त्या पाचातले दोन चालू : गेला. उरलेले तीन : अडकला.
तिनातला एक : गेला. उरलेले दोन : अडकला.
दोनातला पहिला : गेला. दुसरा : अडकला.

एकेक करत बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती. तरी दीड घंटा गेलाच, कारण मधेच काकांना खरा मेल पाठवायचा असायचा.

जो सापडला तो साधा ॲड-ऑन. ऑफिसबाहेरच्या पत्त्यावर मेल निघाला की एक छोटी खिडकी काढतो, पत्ते दाखवतो, 'पाठवायचं का?' विचारतो. पाठवण्याआधी मधे थांबवायची सोय थंडरबर्ड ॲड-ऑनना देतं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पत्राची खिडकी कुलूपबंद ठेवतं. करडी पडते ती त्यामुळे. आतला मेल जातो, बाहेरचा अडतो, हे काकांनी ३ तारखेलाच सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. वाचलं नव्हतं.

पण तो अडतो का? काकांना विचारायच्या आत ते काट्यावर गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तोच ॲड-ऑन, तीच आवृत्ती, माझ्या लॅपटॉपवर टाकला. झकास चालला. खिडकी आली, हो म्हटलं, मेल गेला.

काकांच्याच मशिनीवर नवीन, कोरं प्रोफाइल काढून त्यात टाकला. तिथंही चालला. जुन्या प्रोफाइलमध्ये : अडकला. एरर कन्सोल (कंट्रोल-शिफ्ट-जे) उघडून ठेवला, सेंड दाबलं, एक ओळ लाल आली नाही. प्रोग्रामच्या मते सगळं ठीक चाललंय.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक वाक्य असतं : 'प्रोफाइल करप्ट झालंय, नवीन करून देतो.' ते वाक्य जिभेवर आलं होतं. नवीन प्रोफाइल म्हणजे ११ जीबी मेल परत उतरवणं, काकांचे ६० फिल्टर, पत्त्यांची वही. आणि कारण कळलेलं नाही ते नाहीच. काकांकडून दोन दिवस मागून घेतले. तोपर्यंत तो ॲड-ऑन बंद करून ठेवला तर काका नाराज : "न्हाई, ते चालूच ठेवा." का, ते सांगेनात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज काही न करता काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. ते काम करतात ते बघत. सेंड, करडी, टास्क मॅनेजर, परत. सवय झाली होती त्यांना, चिडतही नव्हते. तिसऱ्यांदा करडी पडल्यावर सहज म्हणाले, "आधी ते विचारायचं की, पाठवू का म्हणून. आता विचारंनाच."

विचारत नाही? का विचारतंय, पण आपल्याला ऐकू येत नाही?

टास्कबारवर थंडरबर्डच्या चिन्हावर माऊस नेऊन ठेवला. छोट्या चित्रांची रांग उघडली : इनबॉक्स, करडं पडलेलं पत्र, आणि शेवटी एक बारीकशी खिडकी. तिच्यावर क्लिक केलं, पडद्यावर काहीच आलं नाही. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबले. उजव्या काठातून ती खिडकी सरकत आत आली. ६ पत्ते, खाली दोन बटणं. 'पाठवायचं का?'

काका मोठ्यानं हसले. हो दाबलं, मेल गेला.

आता ही पडद्याबाहेर बसली कुठे होती? डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो तर १ आणि २ असे दोन मॉनिटर. टेबलावर एकच. टेबलाखाली वाकून सीपीयूच्या मागे बघितलं : एचडीएमआयचा कन्व्हर्टर खोचलेला, त्याच्या दुसऱ्या तोंडाला काहीच नाही. वायरसुद्धा नाही. तो कन्व्हर्टर विंडोजला सांगत होता की दुसरा मॉनिटर आहे, आणि विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवून होतं.

मॉनिटर कुठे गेला? सप्टेंबरच्या पावसात काट्याची केबिन गळली, तिथला मॉनिटर गेला. म्हणून काकांचा दुसरा मॉनिटर उचलून काट्यावर नेला. नेणाऱ्यानं मॉनिटर आणि वायर नेली, कन्व्हर्टर राहिला. आणि काकांनी फार पूर्वी ती विचारणारी खिडकी एकदा उजव्या मॉनिटरवर ओढून ठेवली होती, पत्रावर येऊ नये म्हणून. ॲड-ऑननं ती जागा लक्षात ठेवली. नवीन प्रोफाइलमध्ये ती आठवणच नव्हती, म्हणून तिथं सगळं बरं चाललं. पावसानंतर सवा-दीड महिना ॲड-ऑन इमानानं प्रत्येक मेलला विचारत होता, नसलेल्या मॉनिटरवर.

मग मेल सप्टेंबरपासूनच अडत होते का? होते, काका म्हणाले, पण तेव्हा पावसानं खरेदीच थंड होती, दिवसाला दोन-तीन मेल, मोबाइलवरून पाठवायचे. फोन आला तो आवक वाढल्यावर.

कन्व्हर्टर काढला. खिशात टाकला. काम झालं.

आणि ॲड-ऑन का हवा, तेही चहा पिताना कळलं. मागच्या तुरीच्या हंगामात एका ब्रोकरचा भाव दुसऱ्याच ब्रोकरला गेला. पत्ता टाइप करताना पहिल्या दोन अक्षरांवर जे नाव आलं ते घेतलं, झालं. मालक काही बोलले नाहीत, काकांनी स्वतःच पुण्याच्या त्या पोराला सांगून हे बसवून घेतलं. मी ५ तारखेला तो काढला नव्हता तो केवळ चालू दिसत होता म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मालकांचं आउटलुक. आधी मोजलं : डबल क्लिकपासून इनबॉक्स दिसेपर्यंत ५२ सेकंद. कंट्रोल दाबून धरून उघडलं की ते सेफ मोडबद्दल विचारतं. तसं उघडलं तर ९ सेकंद. म्हणजे ४३ सेकंद ॲड-इनचे. (थंडरबर्डवाले ॲड-ऑन म्हणतात, आउटलुकवाले ॲड-इन. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच.)

आउटलुकमध्ये निम्मे-निम्मे करायची गरज पडत नाही, कारण ते स्वतःच हिशेब लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, तिथे आउटलुकच्या नावाची ४५ क्रमांकाची नोंद. प्रत्येक ॲड-इनला सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते तीत असतं. आठ होते. पाच जण शंभराच्या आत. पीडीएफवाला १,४५०. अँटीव्हायरसचा २,९००. आणि एक, मोबाइलमधले नंबर जुळवणारा, ३६,८००. तो ज्या मोबाइलसाठी होता तो मोबाइल मालकांनी केव्हाच घरी पोराला खेळायला दिला. ॲड-इन रोज सकाळी त्याला शोधत बसतो, दमला की सोडून देतो.

पण मग आउटलुकनं त्याला हाकललं कसं नाही? आउटलुक २०१३ पासून हळू ॲड-इन आपणहून बंद करतं : लागोपाठ पाच वेळच्या सुरुवातीचा मध्यक १,००० मिलिसेकंदांच्या वर गेला की बाहेर. मालकांना विचारलं, पिवळी पट्टी यायची का कधी? "यायची की. मी 'नेहमी चालू ठेवा' दाबायचो. बंद केलं अन् कायतरी गेलं तर?" ती भीती खोटी आहे असं ६ तारखेनंतर मी कुणाला सांगणार नाही. ते बटण दाबलं की ॲड-इनचं नाव रजिस्ट्रीत 'बंद करू नका' अशा यादीत जातं आणि आउटलुक परत त्याच्या वाटेला जात नाही.

आज काहीच काढलं नाही. त्या मोबाइलचे नंबर आउटलुकच्या पत्त्यांमध्ये आहेत का, एवढं बघितलं. आहेत. १,१०० च्या वर. त्यांची वेगळी फाइल काढून मालकांच्या पेनड्राइव्हवर दिली, उघडून दाखवली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मोबाइलवाल्याची खूण काढायला गेलो तर आउटलुक म्हणतं, हा सगळ्या वापरकर्त्यांसाठी बसवलेला आहे, इथून बदलता येणार नाही. आउटलुक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, मग खूण निघाली. नुसती खूण काढली, अनइन्स्टॉल नाही. रजिस्ट्रीत त्याचा लोड बिहेव्हियर ३ चा २ होतो, परत हवा असला तर एक क्लिक. पीडीएफवाल्याची पण काढली. मालक पीडीएफ छापायच्या यादीतून करतात, आउटलुकमधलं बटण त्यांनी कधी बघितलेलंच नाही. अँटीव्हायरसचा राहू दिला.

१४ सेकंद. मालकांनी तीनदा उघड-बंद करून बघितलं. "मग आता चहा कवा प्यायचा?"

सोमवार, २४ नोव्हेंबर

किरकोळ. वाहतुकीच्या टेबलावर आउटलुकमधलं जुनं बटण दिसेना : त्यानं वरच्या कोपऱ्यातलं 'नवीन आउटलुक' चालू केलेलं. नवीन आउटलुकमध्ये जुन्या पद्धतीचे कॉम ॲड-इन चालतच नाहीत. बटण परत मागे ओढलं, दोन मिनिटं.

लॅबच्या मशिनीवर 'अटॅचमेंट विसरलात' असं सांगणारा ॲड-ऑन प्रत्येक पत्राला दोनदा विचारायचा. दोनदा, कारण तीच सोय थंडरबर्डमध्ये आधीपासून आहे. लॅबवाल्याला विचारून ॲड-ऑन बंद केला. थंडरबर्डच्या शब्दांच्या यादीत 'अटॅच्ड', 'एन्क्लोज्ड' वगैरे इंग्रजी शब्द होतेच, पण हा भाऊ नुसतं 'पीएफए' (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहितो. ते यादीत घातलं.

सोमवार, १ डिसेंबर

एक वही केली, मिलमध्येच ठेवली, आप्पांच्या कपाटात. ११ ॲड-ऑन, ६ ॲड-इन. प्रत्येकासमोर : कोणत्या मशिनीवर, कोणी मागितला, कशासाठी. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन ॲड-ऑनपुढे अजून कोरा आहे. कुणाला आठवत नाही, आणि काढायची माझी हिंमत नाही. बंद करून ठेवलेत. तुरीचा हंगाम उलटेपर्यंत कुणी ओरडलं नाही तर बघू.

मंगळवार, ९ डिसेंबर

बिल दिलं. ५ तारखेचे सहा घंटे आणि ७ तारखेचा अख्खा दिवस लावला नाही. आप्पांनी बिल दोनदा वाचलं, काही न बोलता सही केली. मग म्हणाले, "त्यो कन्व्हर्टर कुटाय? काट्यावर पायजे. तितला मॉनिटर लुकलुकायलाय." खिशातच होता.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ताईंचा फोन. चेन्नईचं पत्र सापडलं. लॅबच्या फायलीत, छापलेलं, एका रिपोर्टच्या मागे टाचलेलं. टाइप करून नमुन्यांत ठेवलं म्हणाल्या. ३२.